ठाण्याहून गाडी काढलीत, आता जेवायचं कुठं?

प्रश्न असा आहे: ठाण्यात राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी गाडी काढून कधी नाशिक, कधी माळशेज, कधी कोकण करतो. दरवेळी जेवायला फूड मॉल नाहीतर महामार्गावरचं फॅमिली रेस्टॉरंट, आणि तेच पनीर. सोबत शाकाहारी सासूबाई आणि दोन मुलं. फारशा कुणाला माहीत नसलेल्या चांगल्या जागा कशा शोधायच्या? जमल्यास नावं द्या.

मी ठाण्यात टुरिस्ट गाड्यांचा धंदा करतो आणि अजूनही स्वतः स्टेअरिंगवर बसतो. २००२ मध्ये पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, त्याच्या आधीपासून या रस्त्यांवर आहे. आठवड्यातली निम्मी जेवणं बाहेर होतात, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

नावं मात्र देत नाही. खानावळीची चव एखाद-दुसऱ्या माणसाच्या हातात असते. भाकरी थापणारी मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली किंवा वाटण करणारा आचारी दुसरीकडे लागला, की पाटी तीच राहते आणि ताट बदलतं. मी आज दिलेली यादी पुढच्या दिवाळीपर्यंत निम्मी बाद होईल. शोधायची रीत एकदा अंगवळणी पडली की यादी लागत नाही.

चांगली जागा म्हणजे जिथं आसपासचीच माणसं रोज, स्वतःच्या खिशातले पैसे देऊन जेवतात. रोजच्या गिऱ्हाइकाला शिळं वाढून चालत नाही, ते दुसऱ्या दिवशी समोरच्या खानावळीत जातं. महामार्गावरचं गिऱ्हाईक परत येणारच नसतं. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ही रोज जेवणारी माणसं कुठं आणि किती वाजता बसतात तेवढं हेरा.

आधी दोन समजुती दूर करतो. पहिली, 'एसटी आणि लक्झरी थांबतात तिथलं जेवण चांगलं असतं.' बस थांबते तिथं बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट असतं, त्यांची बसायची खोलीसुद्धा वेगळी असते. टुरिस्ट गाड्यांचंही तेच चालतं, काही ठिकाणी वर पैसेही मिळतात. त्यामुळे गाडीवान कुठं थांबवतो यावरून जेवणाचं काही कळत नाही. भाड्याची गाडी केलीत तर निघतानाच त्याला सांगा, 'दादा, जेवण आमच्याबरोबर करा, बिल आम्ही देऊ, तुम्हाला आवडतं तिथं न्या.' एवढ्यावर गाडी वेगळ्या फाट्याला वळते.

दुसरी समजूत ट्रकांची. ट्रक उभे राहतात कारण तिथं चाळीस फुटी कंटेनर लावायला जागा असते, आंघोळीला पाणी असतं, खाटेवर पडता येतं. उरण-जेएनपीटीकडून कळंबोली-पळस्प्याला येणाऱ्या रस्त्यावरचे धाबे बघा, तिथं डाळ-रोटी गरम आणि भरपूर मिळते. पण ते उत्तरेकडून आलेल्या चालकांचं जेवण. तुम्ही पेणच्या वाटेवर आहात आणि तुम्हाला पेणचं काही खायचं असेल तर ट्रकांची रांग कामाची नाही.

मग जायचं कुठं? तालुक्याच्या गावात. महामार्ग सोडून एक-दोन किलोमीटर आत. तहसील कचेरी, कोर्ट, पंचायत समिती, एसटी स्टँड यांच्या आसपास. खेड्यातून सात-बारासाठी, तारखेसाठी, बँकेच्या कामासाठी माणसं सकाळी येतात आणि काम होईपर्यंत दुपार होते. त्यांना स्वस्त, पोटभर आणि ओळखीच्या चवीचं जेवण लागतं. ठाण्यात मामलेदार कचेरीशेजारची मिसळ कुणाला सांगायला नको. तशी एक तरी जागा शहापूर, मुरबाड, पेण, माणगाव, महाड सगळीकडे सापडते, फक्त तिची ख्याती तालुक्याबाहेर गेलेली नसते.

यात एक मेख आहे, आणि सुट्टीला फिरणारे नेमके तिथंच अडकतात. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार-रविवारी कचेरीसमोरच्या खानावळी एक तर बंद असतात, नाहीतर थोडकंच शिजवतात. त्या दोन दिवशी कचेरी सोडा आणि एसटी स्टँड किंवा बाजारपेठ धरा. गावचा आठवडे बाजार कुठल्या वारी भरतो तेही आधी विचारून ठेवा. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं दिवसभर तालुक्यात असतात, खानावळीत सकाळपासून चूल पेटलेली असते आणि दोनदा-तीनदा ताजं शिजतं.

वेळ हा यातला सगळ्यात मोठा भाग आहे. शहरातली मंडळी भूक लागली की थांबतात, आणि कारमध्ये वेफर्स खात गेल्यामुळे ती भूक अडीच-तीनला लागते. गावची खानावळ साडेबारा ते दीड या वेळात ऐन भरात असते. तीनला भांडी घासायला पडतात. तीनला पोचलात तर खरडलेला भात आणि पातळ केलेली आमटी वाट्याला येणार, आणि दोष खानावळीला लागणार. म्हणून निघतानाच उलटा हिशेब करा: साडेबाराला आपण कुठल्या तालुक्याच्या गावात असू? सकाळी सहाला ठाण्याहून निघून कोकणात चाललात आणि रस्ता मोकळा मिळाला तर चिपळूण, उशीर झाला तर महाड किंवा पोलादपूर. नाशिकला जाताना दुपारच्या आतच पोचता, त्यामुळे तिथं प्रश्न न्याहारीचा असतो. शहापूर किंवा घोटीच्या बाजारात पोहे-मिसळ उरकायची.

गावात शिरलात की नंबर प्लेटी वाचा. ही माझी सगळ्यात खात्रीची खूण आहे. एमएच-०४ म्हणजे ठाणे, ४३ म्हणजे नवी मुंबई, ४६ पनवेल, ०६ म्हणजे पेणचं आरटीओ, ०८ रत्नागिरी, १५ नाशिक. पेणमध्ये एखाद्या हॉटेलासमोर सगळ्या चारचाकी ०४, ४३ आणि मुंबईच्या ०१-०२-०३ दिसल्या तर ती तुमच्यासारख्यांसाठी बांधलेली जागा आहे. शेजारच्या गल्लीत ०६ च्या मोटारसायकली दाटीनं लावलेल्या असतील, त्यातल्या एकीला दुधाचे कॅन, एकीला महावितरणच्या वायरमनची पिशवी लटकत असेल, तर तिथं जा. चारचाकीपेक्षा दुचाकी जास्त बोलतात. जेवायला म्हणून कुणी साठ किलोमीटर मोटारसायकल हाणत येत नाही.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. 'इथं चांगलं हॉटेल कुठंय?' असं विचारू नका. गाडी आणि कपडे बघून समोरचा आदरानं एसीचं हॉटेल दाखवतो, त्याला वाटतं तुम्हाला तेच शोभतं. 'दादा, डबा आणला नसला की तुम्ही कुठं जेवता?' असं विचारा. माणूस थोडा थांबतो, मग म्हणतो, 'आमचं काय, इथंच मागं...' हे 'इथंच मागं' तुम्हाला हवं आहे. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या, मेडिकल दुकानदार, बँकेचा वॉचमन यांना विचारा. मेडिकलवाल्याचा मला फार अनुभव आहे. तो गावचा असतो, दिवसभर दुकानात असतो आणि कुणाच्या पोटाचं काय झालं तेही त्याला ठाऊक असतं.

मोबाइलचा उपयोग आहे, पण इंग्रजीत 'बेस्ट रेस्टॉरंट निअर मी' टाकलंत तर पहिल्या पानावर महामार्गावरचेच मोठे बोर्ड येतात. गुगल मॅपवर देवनागरीत 'खानावळ', 'घरगुती जेवण', 'पोळीभाजी', 'भाकरी' असं शोधा. तारे बघू नका, ताटाचे फोटो बघा, आणि तेही गिऱ्हाइकांनी काढलेले. वेगवेगळ्या महिन्यांतल्या फोटोंत भाजी बदललेली दिसली पाहिजे. अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे वाचा आणि तीन तारेवाल्यांवर थांबा, कारण रागावलेला आणि भारावलेला दोघंही नीट सांगत नाहीत. 'बसायला जागा नव्हती', 'दीडनंतर भाकरी संपली' ही तक्रार माझ्या लेखी शिफारस आहे. 'वास', 'पोट', 'उलटी' यांतला एक शब्द दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिला असेल तर पुढं चला.

आणि फोन करा. याचा लोकांना का संकोच वाटतो कळत नाही. घरगुती खानावळी अंदाजानं शिजवतात, आयत्या वेळी सहा माणसं वाढली तर त्यांचीही पंचाईत होते. निघाल्यावर सकाळी नवाच्या सुमारास फोन लावून 'ताई, साडेबारापर्यंत सहाजण येतोय, दोघं शाकाहारी, लहान मुलांना तिखट कमी' एवढं सांगितलं तर ताट वेगळंच मिळतं. कोकणात वडे-सागोती किंवा उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात पोपटी खायची असेल तर तेच. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं, वर जाळ, हा सगळा घाट कुणी वाटसरूसाठी तयार ठेवत नाही.

आता दारात पोचलात. लगेच बसू नका, हात धुवायच्या निमित्तानं आत एक चक्कर मारा. मी काय बघतो ते सांगतो. एक, फळ्यावर किती पदार्थ आहेत. खडूनं लिहिलेले चार-पाच असतील आणि त्यातल्या एकावर काट मारलेली असेल तर माझा जीव भांड्यात पडतो, कारण ते आजच शिजलंय आणि संपतंय. दोनशे पदार्थांचं लॅमिनेट केलेलं कार्ड असेल तर आत लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या डब्यांत भरून ठेवलेल्या असतात; त्यांच्याच जोडाजोडीतून पनीर मसाल्यापासून व्हेज कोल्हापुरीपर्यंत सगळं निघतं. तुम्हाला दरवेळी तेच पनीर भेटतं त्याचं कारण हेच.

दोन, कांदा. ताटाशेजारी ठेवायचा चिरलेला कांदा बघा. आत्ताच चिरलेला कांदा ओलसर आणि चकचकीत असतो. सकाळी चिरून ठेवलेल्याच्या कडा वाळून आत वळतात आणि वास उग्र होतो. जो माणूस कांदा वेळेवर चिरतो तो बाकीचंही वेळेवर करतो, हे मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलंय. तीन, तळणाची कढई. तेल काळपट, वर बारीक फेस धरलेला आणि धूर लवकर येत असेल तर भजी-वडा मागवू नका, भाकरी-भाजीवर भागवा. पुन्हा पुन्हा तापवून तेलात तयार झालेली बिघडलेली द्रव्यं २५ टक्क्यांच्या पुढं गेली की ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही असा नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडं नसतं, पण फेस डोळ्यांना दिसतो. चार, भाकरी. तुम्ही बसल्यावर तव्यावर पडते की टोपलीत कापडाखाली आधीच थप्पी आहे? थप्पी असणं वाईट नाही, पण ती दर पाच मिनिटांनी कमी होताना दिसली पाहिजे.

गल्ल्याच्या मागं एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी नंबर लावलेला असतो. १ नं सुरू होणारा परवाना, २ नं सुरू होणारी छोट्या धंद्याची नोंदणी. छोट्या खानावळीत २ चा नंबर दिसला तर त्यात कमीपणा नाही. बाकी भिंतीचा रंग आणि खुर्च्या याकडं मी बघतही नाही. पाण्याबद्दल मात्र तडजोड नको. माठ कितीही गार दिसला तरी मुलांना आपल्या बाटलीतलं द्या.

मासे खाणारं कुणी सोबत असेल तर खानावळीत शिरून 'पापलेट आहे का?' विचारू नका, 'आज काय आलंय?' विचारा. 'बांगडा आहे, मांदेली आहे, दुसरं नाही' असं उत्तर आलं तर बसा. सगळं बाराही महिने मिळतं असं सांगणाऱ्याकडं मोठा फ्रीजर आहे एवढंच कळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटची अपेक्षा धरू नये; त्या दिवसांत खाडीचं, नदीचं किंवा सुकटीचं कालवण मागा, गावची माणसंही तेच खातात. आपल्याकडं बहुतेक घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे वार, त्यामुळे मासळी त्या दिवशी जास्त उठते आणि जास्त ताजी मिळते. कोकणाकडं निघताना नवी मुंबईतच बेलापूरच्या दिवाळे गावात सकाळी मासळी बाजारात एक फेरी मारून बघा. आज काय आलंय ते तिथंच कळतं, आणि पुढं जेवताना कुणी काय सांगतोय याचा अंदाज येतो.

रस्त्यांबद्दल थोडं. नवा रस्ता किंवा उड्डाणपूल झाला की जुन्या रस्त्यावरच्या चांगल्या जागा नजरेआड होतात, बंद होत नाहीत; गावकऱ्यांवर चालू राहतात. द्रुतगती मार्गामुळे जुन्या पुणे रस्त्याचं हे झालं. चौक, खालापूर, खोपोली या पट्ट्यात वेळ हाताशी असेल तर जुन्या रस्त्यानंच जा. कणकवलीत महामार्ग आता पुलावरून जातो, गाव खाली राहतं, तर खाली उतरा. समृद्धीनं नाशिककडं जात असाल तर आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आहे. वेळ खूप वाचतो, पण मधे बाजारपेठ म्हणून काही लागत नाही. न्याहारी आधी उरका किंवा इगतपुरीला उतरून घोटीत जा, तिकडचा भात चाखण्यासारखा असतो. कोकणच्या वाटेवर लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. विद्यार्थी जेवतात त्या मेसमध्ये साधं आणि स्वस्त मिळतं, पण परीक्षा संपल्या की तिथं शुकशुकाट.

सासूबाईंसाठी मला माळशेजची वाट सगळ्यात आवडते. घाट चढून ओतूर-आळेफाट्याकडं गेलात की मासवडी मागा. बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. पूर्ण शाकाहारी आहे आणि चांगल्या खानावळीत रस्सा वेगळ्या वाटीत देतात, मुलांना नुसत्या वड्या देता येतात. घाटाच्या अलीकडं मुरबाडला एसटी स्टँडच्या आसपास साधं डाळ-भात-भाजीचं ताट मिळतं. वयस्कर माणसाला तिखट, तेलकट चालत नसेल तर आणखी एक जागा लक्षात ठेवा: ग्रामीण रुग्णालयाचं फाटक. पेशंटच्या नातेवाइकांसाठी तिथं मऊ भात, वरण, बिनतिखट भाजी करणारी एखादी बाई असतेच. एकदा माझ्या गाडीतल्या आजोबांना दाताची कवळी विसरल्यामुळे काहीच चावता येईना. अशाच एका बाईंनी त्यांना भात पळीनं घोटून, वर तूप घालून दिला, आणि वेगळे पैसे घ्यायला तयार नव्हत्या. ते कुटुंब नंतर त्या वाटेनं जाताना मुद्दाम तिथं थांबायला लागलं.

घरातल्या बायकांचा एक अगदी रास्त प्रश्न असतो, स्वच्छतागृहाचा. गावच्या खानावळीत ते बहुधा धड नसतं आणि त्यापायी लोक फूड मॉलकडं वळतात. यावर उपाय सोपा आहे, दोन थांबे वेगळे करा. पेट्रोल पंपावर किंवा फूड मॉलला पाच मिनिटं थांबून ते आटपा, तिथं काही खाऊ नका, आणि मग जेवायला गावात शिरा. तसं ठरवून निघालात की गाडीत कुणाची कुरकुर राहत नाही. सुटे पैसे जवळ ठेवा, घाटात आणि आडगावात नेटवर्क गेलं की यूपीआय अडकतं. जेवण आवडलं तर गल्ल्यावरून फोन नंबर घ्या आणि नावापुढं गाव आणि वार लिहून ठेवा: 'महाड, मावशी, रविवारी बंद' असं. माझ्या फोनमध्ये अशी बरीच नावं आहेत आणि दर पावसाळ्याआधी मी एकेक फोन लावून कोण चालू आहे ते विचारून घेतो.

तुम्ही पुढची फेरी पावसाळ्यात काढणार असाल तर शहापूर-मुरबाडकडं मिरगाच्या सरी पडल्यावर लगेच जा. टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी या भाज्या येत राहतात, पण सगळ्यात आधी शेवळं येतात आणि थोडेच दिवस राहतात. 'रानभाजी काय केलीय?' असं खानावळीत विचारा. फळ्यावर लिहिलेली नसते, घरच्यांसाठी केलेली असते आणि विचारणाऱ्याला वाढतात. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते, म्हणून पहिल्यांदा तिथल्याच हातची खा. सासूबाईंना आवडली तर परतताना फाट्यावर बसलेल्या बायकांकडून जुडी घ्या आणि काकडं, म्हणजे छोटी आंबट रानफळं, तीही मागून घ्या. शेवळांची खाज मारायला त्यांचा आंबटपणा लागतोच, आणि बहुतेक वेळा ती त्याच टोपलीत असतात.